शालनताईंची अक्षरं

सकाळी प्रेसचं शटर पुरतं वर जायच्या आधीच शालनताई मगदूमांचं दिवसातलं पहिलं मत रस्त्यावरूनच ऐकू यायचं. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी, चष्मा कपाळावर.

"सुलभे, बातमी वाचलीस? परत कुठल्या तर कंपनीतनं लोकांचे पासवर्ड चोरीला गेले म्हणं. जाऊ देत की. माझा मलाच आठवंना, चोराला तर गावला. आता त्यालाच इचारते काय हुता म्हणून."

मी प्रूफं वाचायची, त्या डीटीपी करायच्या. शाहूपुरीतल्या त्या प्रेसमध्ये आमची टेबलं एकमेकींना लागून होती. पण शालनताई टेबलाशी असायच्या कुठं! खुर्ची त्यांनी भिंतीला लावून तिच्यावर जुन्या लग्नपत्रिकांचे गठ्ठे रचलेले. पत्रिकेचा मजकूर जुळवायच्या त्या उभ्यानंच. दोन ओळी लावल्या की मशीनखोलीत, तिथनं दारात, दारातनं परत आत. चहा अर्धा प्यायच्या, उरलेला कप कुठल्यातरी खिडकीत थंड होत असायचा. गडहिंग्लजकडचं माहेर. चिडल्या की कानडीत पुटपुटायच्या, ते मात्र हळू आवाजात. बाकी सगळं मोठ्यानं. नवरा फाउंड्रीतून निवृत्त झालेला, अगदी शांत माणूस. "त्यांनी दोघांच्या वाटणीचं बसून घेतलंय," असं त्या सांगायच्या.

जगातल्या प्रत्येक नव्या यंत्राबद्दल त्यांना मत असायचं, आणि ते दुपारच्या डब्यापर्यंत टिकलं तर नशीब. सकाळी म्हणायच्या, यंत्रं आता चित्रं काढायला लागली, आपलं दुकान बंद झालं समज. दुपारी पोळीचा तुकडा हवेत धरून जाहीर करायच्या, "सकाळचं माझं रद्द धरा. एका साहेबांचा फ्लेक्स बघून आले चौकात. यंत्रानं त्यांच्या हाताला सहा बोटं काढल्यात, अन् खाली शुभेच्छुक म्हणून चाळीस जणांचे फोटो. एकालाबी मोजावंसं वाटलं न्हाय."

नक्कल, चोरी, हक्क या विषयावर मात्र त्यांचं मत वर्षानुवर्षं एकच होतं. आमच्या प्रेसमध्ये सुरुवातीच्या काळात कुठलंही सॉफ्टवेअर विकत आलेलं नव्हतं. गल्लीतल्या सगळ्यांचंच तसं होतं. मी एकदा बिचकत म्हटलं, "ताई, ही चोरीच की."

"कशी काय चोरी? मी तुझ्या डब्यातली भाजी खाल्ली तर तुझी भाजी संपली, ती चोरी. मी तुझ्या भाजीची रीत घरला नेली, तर तुझी भाजी हाय तितकीच हाय. मग तुझं काय गेलं?"

मी डब्यावर झाकण लावलं.

मालकांचा मुलगा ऋतुराज पुण्यात शिकून आला आणि त्यानं प्रेस सुधारायला घेतला. सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर एक देखरेखीचं सॉफ्टवेअर बसवलं. माऊस किंवा कीबोर्ड हलला नाही की थोड्या वेळानं तुमचं नाव त्याच्या पडद्यावर लाल व्हायचं. आम्ही बाकीचे घाबरून उगाच माऊस फिरवत बसलो. शालनताई दिवसभर लाल. कामं त्यांचीच सगळ्यांत आधी व्हायची, पण त्या यंत्राला ते कसं कळावं?

ऋतुराजनं त्यांना एकदा बोलावून समजावलं. वयानं लहान, पण बोलला नीट, अदबीनं. त्याही "व्हय व्हय" म्हणून आल्या. आणि नवल म्हणजे दुसऱ्या दिवसापासून त्यांचं नाव हिरवं झालं. आठवडाभर हिरवंगार. शनिवारी ऋतुराजनं सगळ्यांना गोळा केलं, मोठ्या पडद्यावर नावं दाखवली. पहिल्या नंबरला शालन मगदूम. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या नकोत, ऋतुदादा," त्या म्हणाल्या. "आधी माझ्या टेबलाला या."

टेबलावर छोटा पंखा मान हलवत होता. पंख्याच्या मानेला सुतळी, सुतळीला माऊस. पंखा डावीकडं वळला की माऊस डावीकडं सरकायचा, उजवीकडं वळला की उजवीकडं.

"ह्याला द्या बक्षीस," शालनताई म्हणाल्या. "आठवडाभर मान हलवतोय बिचारा. माझ्यासारखं उलट बी बोलत न्हाय."

मालक, म्हणजे ऋतुराजचे वडील, दारात उभे होते. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. सोमवारी सॉफ्टवेअर निघालं. ऋतुराजही हसला होता, पण कान लाल झाले होते त्याचे.

आता त्यांच्या खेळाबद्दल. पन्नाशी ओलांडलेल्या शालनताई मोबाइलवर गोळीबाराचा खेळ खेळायच्या. हे आम्हाला बरेच दिवस माहीत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत त्या जिन्यात येरझारा घालत मोबाइलवर बोटं आपटायच्या, तेव्हा आम्हाला वाटायचं मुलीशी चॅट चाललंय. मग एक दिवस जिन्यातून आरोळी आली, "आरं मागं बघ की, मुडद्या!" आणि सगळं उघड झालं. चौघांचा गट होता त्यांचा. बाकी तिघं कॉलेजच्या आसपासची पोरं, कधी न भेटलेली. खेळातलं त्यांचं नाव होतं 'मावशी'. त्या माइक कधी चालू करायच्या नाहीत, सगळं टाइप करायच्या. त्यामुळं पोरांना वाटत होतं की कुणीतरी टवाळ मुलगा असलं नाव लावून खेळतोय.

इचलकरंजीला एका हॉलमध्ये स्पर्धा होती. शालनताई मला सोबत घेऊन गेल्या. नऊवारी नाही, पण ठेवणीतली इरकल नेसलेली, हातात डबा. दारातल्या पोरानं नम्रपणे सांगितलं, "काकू, पालक तिकडं बसल्यात."

"पालक न्हवं. मावशी आलीया म्हणून सांग आत."

गटातली तिघं पोरं समोर आली तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. त्यातला एक, आसिफ नावाचा, कबनूरचा, उंच आणि लाजाळू. खेळात त्याचं नाव 'कबनूरचा वाघ'. त्यानं वाकून पायालाच हात लावला. "मावशी, तुम्ही खरंच मावशी हाय!"

त्या खेळल्या उभ्यानंच. संयोजकांनी तीनदा बसायला सांगितलं. उपांत्य फेरीत हरले. कंपनीनं आदल्याच आठवड्यात खेळात बदल करून त्यांच्या आवडत्या बंदुकीचा जोर कमी केला होता, त्यावर त्या परतीच्या एसटीत कोल्हापूर येईपर्यंत बोलत होत्या. "आपण हात बसवायचा, अन् ह्यांनी एक दिवस उठून बदलून टाकायचं. आपल्या हाताला काय किंमत हाय का न्हाय?" पण खूश होत्या. आसिफ त्यानंतर दर सणाला फोन करायचा. शिरखुर्म्याचा डबा घेऊन एकदा प्रेसवरही आला होता.

पुढचं जे सांगायचंय त्यात हा आसिफ आहे, म्हणून एवढं सांगितलं.

शालनताईंची थोरली बहीण, त्यांची अक्का, मलकापूरला दिलेली. एका रविवारी त्या तिकडं गेल्या होत्या. दुपारी मला फोन आला. मागं एसटीचे हॉर्न, आणि या ओरडतायत, "सुलभे, माझा झ हितं बसलाय!"

"कोण बसलाय?"

"झ! माझा झ! खानावळीच्या बोर्डावर झणझणीत लिवलंय. सगळी अक्षरं माझी हायत गं!"

या अक्षरांची गोष्ट मला माहीत होती. महापुराच्या वर्षी शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा ही नवराबायको वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडं अडकली. खाली चहूकडं पाणी. लाइट नाही, मोबाइल बंद. आणि ही बाई चालायला जागा नसलेल्या एका खोलीत. शेजाऱ्यांच्या मुलाचा रंगकामाचा चपटा ब्रश, रंगाची बाटली आणि जुनी कॅलेंडरं मिळाली. कॅलेंडरांच्या पाठीवर त्यांनी अ पासून ज्ञ पर्यंत सगळी मुळाक्षरं काढली, खोडली, परत काढली. जाड, ठसठशीत वळणाची, आणि प्रत्येक अक्षर निघता निघता एक झटका देऊन थांबलेलं, जणू कुणी हाक मारली म्हणून वळून बघतंय. पाणी उतरल्यावर प्रेस परत उभा राहिला तेव्हा त्यांनी ती प्रेसच्या स्कॅनरवर चढवली आणि चटणीच्या पाकिटांवर, तालमीच्या जत्रेच्या फ्लेक्सवर, दुकानांच्या बोर्डांवर एकेक अक्षर जोडून वापरायला सुरुवात केली. गिऱ्हाईक येऊन सांगायचं, "ते वळून बघणारं अक्षर टाका." प्रेसचं नाव त्या अक्षरांवर वाढलं, हे खरं.

तो बोर्ड रंगवणाऱ्या मलकापूरच्या पेंटरनं त्यांना सांगितलं की हा फॉन्ट नेटवर फुकट मिळतो. नाव 'कबनुरी'. करणाऱ्याचं नाव: कबनूरचा वाघ.

सोमवारी त्या आल्या त्या बातम्या न वाचता. दिवसभर मत बदलत राहिल्या, पण या वेळी ऐकवत नव्हतं. त्याचे हातपाय मोडते. जाऊ दे, पोरगं हाय. पोलिसांत जाते. न्हाय, उलट बरं झालं, चार गावांत अक्षरं गेली. संध्याकाळी निघताना पिशवी खांद्याला लावून म्हणाल्या, "भाजी हाय तितकीच हाय, सुलभे. मला कळतंय ते. पण जेवण जाईना झालंय."

दोन दिवसांनी आम्ही दोघी कबनूरला गेलो. आसिफच्या घरात खाली कापडाचे यंत्रमाग, वर त्याची खोली. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं कळत नव्हतं. आसिफ जिन्यातच "मावशी! मावशी!" करत आला. त्यांनी मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरला आणि ओरडायला सुरुवात केली. त्याला काही ऐकू येत नव्हतं, तो हसतच होता. त्या आणखी जोरात ओरडल्या. आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली. सगळ्या गल्लीतले माग एकदम गप्प झाले, आणि त्या शांततेत शालनताईंचा आवाज घुमला, "चोर हायस तू!"

खालून आसिफचे वडील वर आले. समोरच्या खिडकीत बायका आल्या. आसिफचं तोंड पांढरं पडलं.

"मावशी, कसली चोरी?"

"ही अक्षरं मी काढल्यात. पुरात. ह्या हातानं."

तो मटकन खाली बसला. "मला खरंच ठाव न्हवतं. बोर्डावर कुणाचं नाव नसतंय, मावशी. मला वाटलं जुन्या पेंटरांचं वळण असंल, कुणी वारस नसलेलं. मी दोन वर्षं बोर्डांचे फोटो काढत फिरलोय. कोल्हापूर, जयसिंगपूर, निपाणीपर्यंत गेलतो. एकेक अक्षर गोळा केलं. इतकी आवडली हुती मला." मग हळूच म्हणाला, "विकलं न्हाय मी. फुकट ठेवलंय."

शालनताई खोलीभर फिरत होत्या. आसिफच्या कॉम्प्युटरवर इन्व्हर्टरच्या जोरावर तो फॉन्ट उघडलेला होता, सगळी अक्षरं ओळीनं मांडलेली. त्या त्यासमोर येऊन थांबल्या. चष्मा कपाळावरून खाली आला.

"हा ढ कुणी काढला?"

"मीच. ढ कुठल्या बोर्डावर गावलाच न्हाय."

"दिसतंयच की."

आधी आसिफचे वडील हसले. मग खिडकीतल्या बायका. आसिफ रडत होता की हसत होता हे सांगणं कठीण होतं. शालनताईंनी ब्रश मागितला. तिथंच उभ्यानं, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून ढ काढला. मग त्याचा ठ बघितला, तोही बदलला. चहा आला, अर्धा प्यायल्या.

"विचारलं असतंस तर दिली असती रं," त्या निघताना म्हणाल्या. "फुकट हाय ते फुकटच ठेव. पण कबनुरी नाव काढ."

"मग काय ठेवू?"

"शालन ठेव."

जिना उतरता उतरता त्यांनी ते नको म्हणून सांगितलं. एसटी स्टँडवरून फोन करून परत ठेव म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नको. शेवटी त्यानं फोन उचलणं बंद केलं आणि 'शालन' हेच नाव ठेवलं.

इथवर गोष्ट गोड होती. महिनाभरात आमच्या शेजारच्याच प्रेसच्या पत्रिकेवर ती अक्षरं दिसली. ऋतुराजनं चौकशी केली, फॉन्ट सापडला, त्याचं 'शालन' हे नाव आणि करणाराही सापडला. मालकांनी शालनताईंना आत बोलावलं. काचेचं दार उघडंच होतं.

मालकांनी वकिलाकडून एक निवेदन लिहून आणलं होतं. ही अक्षरं शालन मगदूम यांनी प्रेसच्या नोकरीत, प्रेसच्या साधनांवर, प्रेससाठी तयार केली. खाली सही. ते मिळालं की कबनूरच्या पोराला नोटीस जाणार होती.

"मी ही प्रेसमध्ये काढली न्हाईत, मालक."

"स्कॅन कुठल्या मशिनवर केलीस?"

"आपल्या."

"वापरली कुणाच्या कामावर?"

"आपल्याच."

"अन् पुरात प्रेस बंद हुता, मशिनं चिखलात हुती, तरी मी कुणाचा पगार थांबवला का? मग तवा तू काढलीस ती कुणाच्या पगारावर काढलीस, सांग."

मालक वाईट माणूस नव्हते. त्या वर्षी त्यांनी स्वतःच्या घरात काय काय विकलं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. शालनताईंनी आजूबाजूला पाहिलं, आणि समोरची खुर्ची ओढून त्या बसल्या. मला तेच जास्त भीतीदायक वाटलं.

मग त्या म्हणाल्या, "तुमचं उपकार मी विसरणार न्हाय. आम्ही जगावं म्हणून तुम्ही पगार दिलासा. अक्षरं तुम्ही मागितली न्हवती, अन् मीबी ती कुणासाठी काढली न्हवती. डोकं फिरायची पाळी आलती, म्हणून काढली. खोट्यावर सही करून त्या पोराला कोर्टात उभं करू व्हय?"

"मग प्रेसचं काय? गिऱ्हाईक त्या अक्षरांसाठी येतंय."

"नवी काढून देते. ह्याहून चांगली. ती प्रेसची. त्यावर लागंल तिथं सही करते."

मालकांनी मान डोलावली. निवेदन ड्रॉवरमध्ये गेलं.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. शालनताईंनी नवी अक्षरं काढायला घेतली. कामाच्या वेळेत, टेबलाशी, प्रेसच्या कागदावर. सकाळी दहा-बारा कागद भरायचे, दुपारी फाडले जायचे. मालक येऊन बघायचे, "चांगलं हाय की," म्हणायचे. त्या म्हणायच्या, "न्हाय." मला ती खरोखर चांगली वाटायची, पण त्यांच्या बाजूला जुनी ठेवली की नवी लंगडी दिसायची. त्यांनी ब्रश बदलले. शाई बदलली. जिन्यात बसून काढून बघितली, घरी नेऊन बघितली. मोबाइलवरचा खेळ बंद झाला. बातम्यांवरची मतं बंद झाली. ऋतुराज एकदा यंत्राकडून त्याच वळणाची काही अक्षरं करून घेऊन आला, चांगल्या मनानं, मदत म्हणून. त्यांनी ती नीट निरखून बघितली आणि म्हणाल्या, "माझ्यापेक्षा बरी हायत, ऋतुदादा. वापरा." त्यात टोमणा नव्हता. तो बिचारा कागद घेऊन तसाच उभा राहिला.

एका सकाळी त्या मालकांच्या खोलीत गेल्या. मालक आधीच बोलले, "शालनबाई, सोड त्या अक्षरांचं. मी काय मागं लागलोय का? कर आपली पहिल्यासारखी कामं."

"मागं तुम्ही न्हाय लागलासा. माझी मीच लागलीया." त्या टेबलाच्या कडेवर बोट आपटत होत्या. "बोलले अन् जमलं न्हाय. रोज त्या टेबलाशी आलं की तेच आठवतंय. मला हितं थांबवंना."

मालकांनी पुष्कळ समजावलं. शेवटी त्यांचेही डोळे भरले. खुर्चीवरचे पत्रिकांचे गठ्ठे शालनताईंनी स्वतः उतरवले, खुर्ची पुसून टेबलाशी लावली, आणि गेल्या. आसिफला नोटीस गेली नाही. आमच्या प्रेसनंही पुढं तोच फुकटचा फॉन्ट उतरवून घेतला. प्रूफात ढ आला की माझी नजर तिथं थांबायची.

त्यांचं कळायचं अधूनमधून. घरूनच दुकानांची पाकिटं, बोर्ड करून देतात. कधी चंदगडला काजूवाल्यांकडं, कधी मलकापूरला अक्काकडं, एका जागी सापडत नाहीत. फोन केला तर मागं नेहमी रस्ता वाजत असायचा.

गेल्या हंगामात मी भावाकडं निघाले होते, स्कूटरवरून. शिवाजी पुलाच्या तोंडाशी उसाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली कलंडली होती. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग. माझ्या पुढं मलकापूरची एसटी इंजिन बंद करून उभी. लोक खिडक्यांतून ऊस सोलून खात होते. तेवढ्यात एसटीचं दार धाडकन उघडलं आणि शालनताई खाली उतरल्या. केस आता बरेच पांढरे झालेले, पाठीला कॉलेजच्या पोरांसारखी सॅक. मी हाक मारली, पण मागच्या गाड्यांच्या हॉर्नमध्ये ती विरून गेली. त्यांनी पदर खोचला, रस्त्यात पसरलेल्या उसावरून वाट काढली आणि पुलावरून ताडताड चालू लागल्या.

कंडक्टर दारातून अर्धा बाहेर लटकला. "ओ मावशी! मलकापूरचं तिकीट काढलंय की तुम्ही! कुठं निघालासा?"

त्या वळल्या नाहीत. चालता चालता हात फक्त वर केला आणि ओरडल्या, "या की तुम्ही मागनं!"